मामींनी तोंड का उघडलं नाही

"यांच्या पोटात कुठंतरी रक्त झिरपतंय."

अकोल्याच्या डॉक्टरांनी मामींच्या डोळ्याची खालची पापणी बोटानं ओढून पाहिली आणि हे सांगितलं. पापणीची आतली बाजू लाल असायला पाहिजे. मामींची धुतलेल्या मांजरपाटासारखी पांढरी होती.

मामी म्हणजे माझ्या सासूबाई. वय सत्तरच्या पुढं, नेमकं किती ते त्यांनाही ठाऊक नाही. गाव शेंदूरजनाघाटजवळचं. तिकडच्या संत्र्याच्या बागा वाळत होत्या, त्या सालांतली ही गोष्ट आहे. विहिरींनी तळ दाखवला होता. घरामागची चार झाडं तरी वाचावीत म्हणून मामी लांबून डोक्यावर गुंडानं, म्हणजे पितळी हंड्यानं, पाणी आणून ओतायच्या. झाडांचं काय व्हायचं ते झालं, मामींचे गुडघे मात्र गेले. गुडघ्यांसाठी गावात एक गोळी मिळाली. ती घेतली की चालता यायचं, म्हणून त्या ती रोज घेत राहिल्या. पुढं थकवा आला, चक्कर आली, दोन पावलं टाकली की दम लागू लागला. तेव्हा माझा साळा प्रल्हाद त्यांना घेऊन अकोल्याला आमच्याकडं आला.

आता मी कोण ते सांगतो. मी अकोल्यात एका शाळेत विज्ञान शिकवतो. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला आणि बी.एस्सी. होऊन बाहेर पडलेला मी पहिला. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. याचा एक परिणाम असा, की दोन्हीकडच्या गोतावळ्यात कोणी आजारी पडलं की दवाखान्यात मला पुढं करतात. माझी बायको सुनंदा तेव्हा पोटुशी होती, आज-उद्यावर आलेली. तिला हलता येत नव्हतं. त्यामुळं मामींसोबत आम्ही दोघं पुरुषच होतो, मी आणि प्रल्हाद.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. मामींच्या पिढीतली सासू जावयाशी समोरासमोर बोलत नाही. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण मामींचा पूर्ण चेहरा मी पाहिला नव्हता. पदर कपाळाच्या खालपर्यंत ओढलेला, त्याचा काठ हातानं तोंडावर धरलेला. मला काही सांगायचं असलं की त्या भिंतीकडं तोंड करून सुनंदाला सांगायच्या. "सुनंदे, त्यायले म्हन, पानी घ्या." सुनंदा घरात नसली तरी तिलाच सांगायच्या. मी पाणी घ्यायचो. आमचं बरं चाललं होतं.

डॉक्टरांनी मामींना विचारलं, "शी काळी होते का?"

मामींनी तोंड भिंतीकडं वळवलं.

"माय, सांग न," प्रल्हाद म्हणाला.

"त्यायले बाहीर जाऊ दे, मंग सांगतो."

मी बाहेर गेलो. आत बोलावलं तेव्हा उत्तर मिळालेलं होतं. डांबरासारखी काळी, दोन महिन्यांपासून. याला मेलेना म्हणतात. पोटात वरच्या बाजूला रक्त सुटलं की ते पचून खाली उतरेस्तोवर काळं पडतं. लाल दिसत नाही म्हणून माणूस गाफील राहतो. घरात कोणाला असं होत असेल तर लाजू नका, सांगा.

रक्त इतकं कमी होतं की आधी दोन बाटल्या चढवाव्या लागल्या. मग गॅस्ट्रोस्कोपी करायचं ठरलं. म्हणजे तोंडातून एक लांब, वाकणारी नळी पोटात उतरवायची. तिच्या टोकाला दिवा आणि कॅमेरा असतो. लोक तिला दुर्बीण म्हणतात. शाळेतल्या प्रयोगशाळेत मी वर्षानुवर्षं भिंगं हाताळतो, पण जिवंत माणसाच्या पोटात उजेड नेणारी ही नळी पाहून मी हरखलो. ती कशी वळते, पाणी कसं मारते, चिमटा कुठून निघतो, सगळं विचारून घेतलं. टेक्निशियनला माझा कंटाळा आला असावा.

पहिली खेप अकोल्यातच झाली. घशात बधिर करणारा फवारा मारला, मामींना डाव्या कुशीवर झोपवलं; पदर त्यांनी डोळ्यांपर्यंत ओढलेलाच ठेवला. तोवर मी दाराशी होतो, मग त्यांना धीर वाटावा म्हणून समोर येऊन उभा राहिलो. डॉक्टर म्हणाले, "आजी, आ करा."

मामींनी तोंड मिटलं ते मिटलंच. "आजी, दुखणार नाही." काही उपयोग नाही. नर्सनं हनुवटीला हात लावला तर त्यांनी तो हात झटकला. प्रल्हाद रडकुंडीला आला. "माय, काहून असं करून राह्यली?" त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ओठांत फट पडेना. शेवटी डॉक्टरांनी नळी बाजूला ठेवली.

"फार घाबरल्यात. यांना सेडेशन लागेल," ते म्हणाले. "पण एवढं वय, एवढंसं वजन, आणि रक्त आत्ताच भरलेलं. मी एकट्यानं नळीही घालायची आणि श्वासावर लक्षही ठेवायचं, हे मला बरोबर वाटत नाही. अमरावतीला न्या. तिथं फक्त पेशंटकडं पाहायला वेगळा भूलतज्ज्ञ असतो."

त्या डॉक्टरांचे मी मनापासून आभार मानतो. जमत नाही असं सांगणारा डॉक्टर भेटायला नशीब लागतं.

सेडेशन म्हणजे गुंगी. पूर्ण भूल नव्हे. भूल दिली की माणूस चिमटा काढला तरी उठत नाही. गुंगीत तो हाक मारली तर ओ देतो, श्वास स्वतःचा स्वतः घेतो, फक्त भीती आणि त्रास जाणवत नाही. हे मी घरी आल्यावर प्रल्हादला समजावलं. त्याला पटलं नाही.

"आमच्या गावचा म्हातारा असाच गेला, भाऊजी. दुर्बीन घालाची म्हून सुई देल्ली, थो उठलाच नाई. मायले रक्त देऊन देऊन जगवू, पन सुई नोको."

"रक्त देत राहिलो अन् आत अल्सर असला तर? कॅन्सर असला तर?"

"असन तं असन. पन हातानं मारू काय मी तिले?"

मी चिडलो नाही, कारण त्याची भीती खोटी नव्हती. एकीकडं तपासणी न करता मामी हळूहळू रित्या होणार, दुसरीकडं तपासणीच्या गुंगीत श्वास थांबणार. दोन्हीकडून माणूस जातंच. मधली वाट आहे का, ते मला पाहायचं होतं. मी कॉलेजातल्या जुन्या सरांकडं जाऊन पुस्तकं चाळली, ओळखीच्या डॉक्टरांना छळलं. मला एकच प्रश्न पडला होता. तेच औषध तरुणाला चालतं आणि म्हाताऱ्याला का मारतं?

उत्तर मिळालं ते असं. म्हातारपणी रक्त सावकाश फिरतं. हाताच्या शिरेत सोडलेलं औषध डोक्यात पोचायला वेळ लागतो. देणारा वाट पाहतो, पेशंट जागाच दिसतो, म्हणून घाईनं आणखी देतो. मग पहिलं आणि दुसरं दोन्ही एकदम पोचतात. शिवाय म्हाताऱ्या मेंदूला ते थोडंसंही पुरतं, आणि यकृत-मूत्रपिंड थकलेली असल्यानं ते शरीराबाहेर लवकर जातही नाही.

प्रल्हादला मी त्याच्या भाषेत सांगितलं. "पाट फोडला की शेवटच्या वाफ्यात पाणी लगेच पोचते काय? नाही पोचलं म्हून दुसरा पाट फोडला तर काय होईन?"

तो म्हणाला, "वाफा फुटन."

"मंग? वाट पाहणारा मानूस पायजे. तसा मानूस अमरावतीले हाय."

मामी भिंतीआड ऐकत होत्या. आवाज आला, "सुनंदे, त्यायले म्हन, जाऊ."

अमरावतीच्या त्या दवाखान्यात वेटिंग रूम गच्च भरली होती. धारणीपासून दर्यापूरपर्यंतची माणसं. कापसाचा भाव, बोअरची खोली आणि पोटातली आग, तिन्हींवर एकाच सुरात बोलणं चाललं होतं. आमच्या शेजारी दर्यापूरकडचे एक आजोबा मुलासोबत बसले होते. त्यांचा नंबर आमच्या आधी होता. नर्सनं विचारलं, "आजोबा, सकाळपासून काही खाल्लं नाही ना?"

"नाई बा. कडक उपास."

"काहीच नाही?"

"साबुदान्याची उसळ खाल्ली तेवढी. अन् च्या."

नर्सनं कपाळाला हात लावला. आजोबांना दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. ते दाराशी उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "एकादशीले उसळ चालते न् यायच्या दुर्बिनीले चालत नाई! दुर्बीन काय इठोबापेक्षा मोठी झाली काय?"

सगळे हसले, मीही हसलो. पण कारण ऐकलं तेव्हा हसू थांबलं. गुंगीत घशाचा पहारा ढिला पडतो. पोटात काही असलं तर ते वर येतं आणि श्वासनळीत उतरतं. जागा माणूस खोकून बाहेर काढतो, गुंगीतला म्हातारा नाही काढू शकत. म्हणून पोट पूर्ण रिकामं पाहिजे. फराळ नाही, चहा नाही, आणि दवाखान्यानं सांगितलेल्या वेळेनंतर पाणीही नाही.

मग आम्हाला आत बोलावलं. भूलतज्ज्ञ एक बाई होत्या. ठेंगण्या, पायात कॅनव्हासचे बूट, आवाज मात्र थेट गॅलरीपर्यंत जाईल असा. त्यांनी आमच्याकडं पाहिलंही नाही. खुर्ची ओढून मामींसमोर बसल्या.

"आजी, रात्री घोरता का? पायऱ्या चढताना दम लागतो? कोणत्या गोळ्या घेता? झोपेची गोळी? तंबाखू?"

प्रल्हाद उत्तरं देत होता, मामी मान हलवत होत्या. डॉक्टरीणबाईंनी मामींच्या बोटाला एक चिमटा लावला. पल्स ऑक्सिमीटर. त्यातून लाल उजेड बोटाच्या आरपार जातो आणि रक्तात ऑक्सिजन किती आहे ते पडद्यावर येतं. मला राहवलं नाही. "मॅडम, हा उजेड रक्ताचा रंग ओळखतो का?"

"हो. नंतर सांगते." त्या मामींकडंच वळल्या. "आजी, दात सगळे तुमचेच आहेत ना? कवळी, पट्टी, बसवलेला दात?"

मामींनी मान हलवली. नाही.

"दात हायत न मॅडम," प्रल्हाद म्हणाला. "दिसूनच राह्यले."

बाईंनी काही क्षण मामींकडं पाहिलं. मामींच्या डोळ्यांची हालचाल त्यांनी टिपली असावी. पदराआडून ते डोळे एकदा माझ्याकडं गेले आणि खाली वळले.

"हे कोण?" बाईंनी माझ्याकडं बोट केलं.

"जवाई," प्रल्हाद म्हणाला.

"असं होय. जवाईबुवा, तुम्ही बाहेर बसा. मुलानंही बसावं."

"मॅडम, मला थोडं समजून घ्यायचं होतं. मी बी.एस्सी. आहे, मला समजतं."

"म्हणून तर बाहेर बसा."

आम्ही बाहेर बसलो. दार लागलं. आधी काहीच ऐकू आलं नाही. मग बाईंचा आवाज, मग मामींचा, बारीक, भराभर बोलणारा. मामी इतकं बोलतात हे मला नव्यानं कळत होतं. आणि मग आतून दोघींचं हसणं ऐकू आलं.

थोड्या वेळानं नर्स बाहेर आली आणि घाईत एक लहान स्टीलची डबी माझ्या हातात ठेवून गेली. "धरा. पेशंटचे दात."

मी डबी उघडली. कुतूहल हा माझा जुना रोग आहे. आत गुलाबी, पातळ, टाळूच्या आकाराची पट्टी होती. तिला पुढचे तीन दात, आणि एका बाजूला वाकडी झालेली बारीक तार. काम नीटस होतं. दातांचा रंग अगदी जमवलेला, मधला दात मुद्दाम जरासा तिरपा बसवलेला, खरा वाटावा म्हणून. प्रल्हाद वाकून पाहत राहिला.

"मी रोज घरात राह्यतो, भाऊजी. मले कदी दिसलं नाई."

बाई बाहेर आल्या. आता मात्र त्या माझ्याशीच बोलल्या.

"ही तार ज्या दाताला अडकवली होती तो दात केव्हाच पडलाय. पट्टी नुसती जिभेनं दाबून धरतात. जाग्या आहेत तोवर जीभ राखण करते. मी औषध दिलं की जीभ सैल पडणार. मग नळीबरोबर हे कुठं गेलं असतं?" त्यांनी स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवलं. "श्वासनळीत गेलं असतं तर जीवच गेला असता. अन्ननळीत गेलं असतं तर तारेनं फाडलं असतं."

गुंगीच्या औषधाच्या थेंबाथेंबाचा मी अभ्यास केला होता, आणि धोका मामींच्या टाळूला चिकटून बसला होता.

"आणि अकोल्यात तोंड उघडलं नाही ते घाबरून नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही समोर उभे होता ना?"

"हो. धीर द्यायला."

"तुमच्या त्या धीरामुळंच तोंड मिटलं. जावयासमोर आ केला की पट्टी खाली यायची. म्हणाल्या, मेलो तं चालन, पन जवाई पुढं बोयडी नाई होत."

बोयडी म्हणजे बोळकी, बिनदातांची. प्रल्हादनं खाली मान घातली. मी डबीचं झाकण लावलं.

"एक चांगलं झालं," बाई म्हणाल्या. "मी जेवढं औषध द्यायचं ठरवलं होतं, त्याच्या निम्मंही लागणार नाही. भीती नळीची नव्हतीच. मिडाझोलम देणार आहे, गुंगीचं औषध, अगदी थोडं. देऊन थांबणार. नाकाला ऑक्सिजन राहील. मी नळीकडं पाहणार नाही, फक्त त्यांच्या छातीकडं आणि पडद्याकडं पाहीन. उतारा देणारं इंजेक्शन भरून हाताशी ठेवलंय. आणि हो, नंतर त्यांना यातलं काही आठवेलच असं नाही. हे औषध तेवढ्या वेळापुरती आठवण धरू देत नाही."

माझे सगळे प्रश्न एकदम उसळले. आठवण धरू देत नाही म्हणजे पुसून टाकतं, की लिहूच देत नाही? पण त्या आत गेल्या होत्या.

तपासणी लवकर आटोपली. जठराच्या खालच्या तोंडाशी मोठा अल्सर होता, म्हणजे आतल्या कातडीला पडलेली जखम. गुडघ्यांच्या त्या रोजच्या गोळीनं ती केली होती. रक्त झिरपत होतं तिथं औषध टोचून ते बंद केलं. दिसायला कॅन्सरसारखं नव्हतं, तरी खात्रीसाठी बारीक तुकडे काढले. तुकड्यांची बाटली घेऊन प्रल्हाद लॅबकडं गेला, आणि मामींजवळ बसायला मीच उरलो.

रिकव्हरी रूममध्ये चार कॉट होत्या. नर्स म्हणाली, "यांच्या जवळ बसा. झोप लागली तर लागू द्या, पण हा आकडा नव्वदच्या खाली आला तर हाक मारून मोठा श्वास घ्यायला लावा आणि मला बोलवा. नळी काढली म्हणजे संपलं असं नसतं. टोचणं थांबतं, पण औषध आत असतंच."

मी स्टुलावर बसलो. मामींचा पदर डोक्यावरून घसरलेला होता. केस विरळ, पांढरे. ओठ आत गेलेले. नऊ वर्षांनी तो चेहरा दिसला आणि मला सुनंदा म्हातारी झाल्यावर कशी दिसेल ते दिसलं. पाहू नये म्हणून मी पडद्याकडं वळलो. शहाण्णव. पंचाण्णव. शहाण्णव.

मग त्र्याण्णव. नर्स पलीकडच्या कॉटवरच्या पेशंटला उलटीसाठी धरून उभी होती. एक्याण्णव. मामींची छाती हलताना दिसेना. एकोणनव्वद. यंत्राचा सूर खाली उतरला.

"सिस्टर!" मी ओरडलो. आणि मग लक्षात आलं, हाक मारायची आहे. मी मामींना कधी हाकच मारली नव्हती. दुसऱ्यांशी बोलताना मामी म्हणायचो, पण त्यांना कधीच नाही.

"मामी! मामी, मोठा श्वास घ्या!"

काही नाही. अठ्ठ्याऐंशी. मी त्यांचा खांदा धरला आणि हलवला. चांगला जोरात हलवला. "मामी! ऐकू येते काय? श्वास घ्या!"

छाती वर आली. एक मोठा, खरखरीत श्वास. मग दुसरा. तोवर नर्स धावत आली होती. तिनं मामींची हनुवटी दोन बोटांनी वर उचलली, ऑक्सिजन वाढवला. आकडा चढू लागला. "जीभ मागं पडते," ती म्हणाली. "हनुवटी वर केली की वाट मोकळी होते. बरं झालं, हाक मारली." भूलतज्ज्ञ बाईही येऊन पाहून गेल्या. काळजीचं नाही म्हणाल्या.

माझा हात अजून त्यांच्या खांद्यावरच होता. मामींनी डोळे उघडले आणि सरळ माझ्याकडं पाहिलं. पदर ओढला नाही.

"जवाईबुवा," त्या म्हणाल्या. दात नसल्यानं शब्द मऊ येत होते. "एक पुसू काय?"

"पुसा न मामी."

"तुमी आमच्याकडं दोनच भाकरी काहून खाता?"

मी नर्सकडं पाहिलं. तिनं बोलू द्या अशी खूण केली. बोलत्या माणसाचा श्वास चालू असतो.

"पोट भरते, मामी."

"लबाड बोलता. सुनंदा सांगते, अकोल्याले चार खाता." त्या थांबल्या. "नऊ वर्स झाले. मले वाटते, माह्या हातची आवडत नाई तुमाले."

आता खरं सांगायला हरकत नव्हती. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडं जेवायला बसलो तेव्हा नवा जवाई, शिकलेला, म्हणून दोन खाऊन हात धुतले. जवाई दोनच खातो, असं सगळ्यांनी धरलं. मग तिसरी मागायची कशी? दर खेपेला अर्धपोटी उठायचो आणि परतवाड्याच्या स्टँडवर भजी खायचो.

"आवडते, मामी. लाजतो."

मामी हसल्या. त्या हसण्यात पुढचा एकही दात नव्हता. "इतके शिकले न् लाजता? बाप्पा!"

आणि त्या पुन्हा झोपल्या. आकडा सत्त्याण्णववर स्थिर राहिला.

तासाभरानं नीट जाग आली. प्रल्हाद परतला होता. मामींनी आधी पदर चाचपून पुढं ओढला, मग हात पुढं केला, डबीसाठी. पाठ फिरवून पट्टी बसवली. मग प्रल्हादला विचारलं, "कवा घालनार हायत दुर्बीन?"

"झाली, माय. कवाच झाली."

"झूट."

डॉक्टरीणबाई पुन्हा पाहायला आल्या होत्या, मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी हसून मान डोलावली. लिहूच दिलं नव्हतं औषधानं.

बायोप्सीचा रिपोर्ट चांगला आला. गुडघ्याची ती गोळी बंद झाली. ॲसिड कमी करणारी गोळी सुरू झाली. रक्त हळूहळू भरलं. मामी पुन्हा चुलीपुढं बसू लागल्या.

अकोल्याला परतलो तेव्हा मी सुनंदाला विचारलं होतं, "मामीले पट्टी हाय दातांची, तुले माईत होतं?"

"म्हंजे काय! परतवाड्याच्या बाजारात एक चाचा दात करून द्यायचे, त्यायच्याकडून बनवली."

"मंग मले सांगतलं काहून नाही?"

"तुमाले कसं सांगू?" ती म्हणाली. "माह्या लग्नात तुमच्यापुढं येता यावं म्हून तं तिनं बनवली होती."

ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे आणि दुर्बीण ठरली आहे, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. गुंगीला नाही म्हणू नका, आणि डोळे झाकून होही म्हणू नका. नळी घालणारा एक आणि श्वासाकडं पाहणारा दुसरा, असे दोघं आहेत का ते विचारा. झोपेच्या, गुडघ्याच्या, कोणी सहज दिलेल्या गोळ्यांसकट सगळ्या गोळ्या सोबत न्या. नळी निघाल्यावरही जवळ बसा, आकड्याकडं पाहत राहा, आणि नावानं हाक मारायला लाजू नका. आणि भूलतज्ज्ञ दातांचं विचारू लागले की जरा पाहा, त्या खोलीत असं कोणी आहे का, ज्याच्यासमोर तुमचं माणूस खरं सांगणार नाही. कदाचित ते तुम्हीच असाल. मग उठा आणि बाहेर जाऊन बसा.

बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर आम्ही सासरी गेलो. घरामागच्या चारांपैकी दोन झाडांना नवी पालवी होती. जेवायला बसलो. प्रल्हाद कुठं तरी गेला होता. दोन भाकरी झाल्या, मी सवयीनं ताटाला हात टेकवून उठायला लागलो.

चुलीपाशी मामींनी भिंतीकडं तोंड केलं आणि आवाज आला.

"सुनंदे, त्यायले म्हन, तिसरी होऊन राह्यली. चौथीचं पीठ मळेल हाय."

मी जागच्या जागी थांबलो. डॉक्टरीणबाईंचं औषध कुठवर पोचलं होतं आणि कुठं पोचलं नव्हतं, ते मला आजही सांगता येत नाही. सुनंदा बाळाला घेऊन बाहेर अंगणात होती. घरात आम्ही दोघंच.

मी ताट उचललं आणि चुलीपाशी जाऊन बसलो. मामींनी पदर ओढून घेतला. मग माझ्या ताटात गरम भाकरी टाकली.